सूर धरणारा

सुपारीच्या चिठ्ठीवर माझं नाव नसायचंच.
सनई : यल्लाप्पा कोरवी. संबळ : त्याचा थोरला.
आणि खाली पेन्सिलीनं, सूर, एक माणूस.
तो एक माणूस मी.
चौतीस वर्षं एकच स्वर धरला
कळंबा रोडच्या कार्यालयात, उचगावच्या मांडवात.
अक्षता पडायच्या, पंगती उठायच्या,
नवरीची आई कोपऱ्यात रडून घ्यायची,
माझा षड्ज कुठं तुटला नाही.
तो लोकांना ऐकू येत नाही.
थांबला तरच येतो.

परवा राजारामपुरीत डॉक्टर मुळगुंदांनी
टेबलावर कागद पसरला.
डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून
रात्रभर झोपलो होतो, त्या रात्रीचा कागद.
इथं श्वास बंद. इथं परत सुरू.
हे बघा, हे तर बावीस सेकंद.
तासाला एकतीस वेळा.
मी म्हटलं, डॉक्टर, दुसऱ्या कुणाचा तरी असंल.
शालन म्हणाली, न्हाई, ह्यांचाच हाय.
मी रोज मोजतो की.

एकोणीस वर्षं ही बाई
माझ्या नाकाशी सूत धरून जागी,
आणि मला वाटायचं, हिला पित्ताचा त्रास.

मग मशीन आलं, हप्त्यावर.
उशाशी, सनईची पेटी असायची त्या जागेवर.
सोंडेसारखी नळी, नाकावर रबराची वाटी,
हनुवटीखालनं पट्टा : तोंड उघडायचं नाही.
नातू म्हणाला, आजोबा हत्ती झाले.
व्याही बघून गेले, बोलले काही नाहीत,
चहा मात्र अर्धा ठेवला.
नाकापेक्षा मोती जड, त्यात ह्या मोत्याला
बॅटरीचं पाणी लागतं, लक्ष्मीपुरीतनं आणलेलं.

पहिल्या रात्री गुदमरलो.
दुसऱ्या रात्री झोपेतच ओरबाडून फेकलं, तांब्या लवंडला.
तिसऱ्या रात्री पट्टा सरकला, तोंड उघडलं,
आणि नाकानं आत आलेली हवा
तोंडानं निघून गेली, फुस्स,
फाटक्या पत्तीतनं जाते तशी.

नऊ वर्षांचा होतो. मामानं
पपईच्या पानाचा देठ हातात दिला,
पुढ्यात पाण्याचा तांब्या.
फुंक म्हणाला.
बुडबुडे थांबले की मनगटावर छडी.
गालात साठव. गाल रिकामा व्हायच्या आत नाकानं ओढ.
तोंड गिऱ्हाइकाचं, लेका. नाक तुझं.
सव्वा महिना लागला.
त्यानंतर बुडबुडे थांबले नाहीत,
मामा गेला त्या दिवशीसुद्धा वाजवत होतो,
निपाणीला, कुणाच्या तरी हळदीत.

म्हणजे नाक ओळखीचं आहे.
पण जागेपणी.
झोपेत कोण मामा, कुठली छडी?

आता रोज दहाला आडवा होतो, डाव्या कुशीवर.
जीभ टाळूला, ओठ मिटलेले,
नळीतली हवा यायच्या आधी
माझी मी थोडी ओढून बघतो.
उजवी नाकपुडी जुनी आडमुठी आहे.
डावी चालते.
काही रात्री पाच तास होतात, काही रात्री दोन.
मशीन सकाळी आकडा दाखवतं,
शालन चष्मा लावून वाचते,
आणि काहीही असो, बरं हाय म्हणते.

शुक्रवारी पावणेतीनला लाईट गेली.
मशीन गप्प. वाटी काढली, तसाच पडून राहिलो.
अंधारात तिचा हात आला,
दोन बोटं माझ्या वरच्या ओठावर.
जागा आहे हे मी सांगितलं नाही.
तोंड मिटून नाकानं घेत राहिलो, सोडत राहिलो,
घाई नाही, खंड नाही,
ती पुटपुटत मोजत होती.
पंचेचाळीसला अडखळली, परत एकेचाळीसवर गेली,
मग बोटं जड झाली.

मी सूर धरून राहिलो
लाईट येईपर्यंत.
आली तेव्हा बघितलं, तिचं तोंड उघडं,
बारीक घोरत होती.